ओळीबाहेरचं झाड

हे सदर मी कित्येक वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर टर उडवायला वाचते. पिंपळ, अमावास्या, पांढरी साडी, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही... आमच्याकडे रविवारी चहाबरोबर याचं मोठ्याने वाचन होतं आणि सगळ्यात जास्त खिदळणारी मीच असते. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. शेतकीशास्त्र शिकलेली बाई मी, झाड वाळलं तर आधी मुळं उकरून बघते, नजर उतरवत नाही. तरीही लिहायला बसले आहे, कारण सूनबाई पिच्छा सोडत नाही, आणि ज्या दोघांची ही गोष्ट आहे ते दोघंही आता नाहीत. लिहिल्याने कुणाला दुखेल असं राहिलं नाही.

माझा जन्म मॉरिशसचा. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेले ते तिकडचेच झाले. घरी क्रिओल, म्हणजे तिकडची बोली, बोलायचो, मराठी शिकायचो संध्याकाळच्या वर्गात, कंदिलाच्या उजेडात. वडील मळ्याच्या बंगल्यावर माळी होते. १९७५ साली मला वर्षभरासाठी स्कॉलरशिप मिळाली आणि एक्स्चेंज स्टुडंट म्हणून मी नागपूरला आले. ‘इंटर्न’ हा शब्द तेव्हा कुणी वापरत नसे, आम्हाला ‘ट्रेनी’ म्हणत. पहिले काही महिने कॉलेज, राहणं धरमपेठेतल्या मुलींच्या हॉस्टेलवर, आणि दिवाळीनंतर एखाद्या बागेत राहून प्रॅक्टिकल. बागायतदाराने ‘काम समाधानकारक’ असं कळवलं तर ठीक, नाहीतर स्कॉलरशिप बंद आणि बोजाबिस्तरा घेऊन परत. आमच्या सरांनी मला त्यांच्या ओळखीच्या वासुदेवकाकांकडे पाठवलं.

कोराडीच्या रस्त्यावर त्यांचा संत्र्यांचा बगीचा होता. शहरातून बस यायची, फाट्यावर उतरून थोडं चालायचं. बांधावर उभं राहिलं की वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, आणि वारा तिकडून असला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची. बागेतच कौलारू घर, पुढे विहीर, विहिरीवर ऑइल इंजिन. घरात काका आणि शांताकाकू, दोघंच.

माझं मराठी ऐकून काकांची पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. मी म्हणाले होते, “आपली अनुमती असेल तर मी स्नान करून येते.” त्यानंतर कितीतरी दिवस मी नहाणीकडे निघाले की ते गंभीर चेहऱ्याने म्हणत, “अनुमती हाय गा.” मुद्दाम ‘गा’. ते पुरुषांना म्हणतात, बायकांना ‘वं’, हे मला काकूंनी हळूच सांगितलं. काकू फार बोलत नसत. पण माझं ताट कधी रिकामं दिसू देत नसत. मी भाकरी मोडायची पद्धत चुकवली तरी त्या बघत राहायच्या, डोळ्यांत काहीतरी मऊ असायचं. मला आई आठवायची.

काकांनी मला सुरुवातीलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यांना एक मुलगी होती, लहानपणीच गेली, तो विषय काकूंपाशी काढायचा नाही. मी काढला नाही. एवढंच लक्षात आलं की काकू बागेत पाऊल टाकत नाहीत. घर, विहीर, गोठा... तिथपर्यंत. झाडं सुरू झाली की परत फिरायच्या.

आता ताणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. संत्र्याच्या झाडाला बारा महिने पाणी दिलं तर ते नुसतं हिरवंगार वाढतं, फुलत नाही. म्हणून नागपूरकडे डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. त्याला म्हणतात ताण देणं. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, काही गळूनही जातात. झाड अगदी मरणाच्या दारात नेऊन उभं करायचं आणि मग जानेवारीत पाणी सोडायचं. तेव्हा ते जीव खाऊन फुलतं. त्याला आंबिया बहार म्हणतात, आणि त्यावर घराचं सबंध वर्ष चालतं. मी माळ्याची मुलगी, पान कोमेजायच्या आत पाणी घालायचं हेच बघत वाढलेले. मला तो प्रकार बघवेना. काकांना ते दिसलं असणार. ज्या दिवशी पाणी तोडलं त्या दिवशी त्यांनी इंजिनाचं हँडल घरात आणून आतल्या खोलीत ठेवलं, घरापुरतं पाणी काढून झालं की विहिरीचा दोर आणि बादलीही घरात ठेवायची असं ठरवलं, आणि मला म्हणाले, “हे पाह्य पोरी, झाडाची कीव केली का बहार गेला. एक थेंब पडला नाही पाह्यजे.”

माझं काम सकाळी बागेत फिरून पानांची नोंद करायची, वाळक्या फांद्या छाटायच्या. दुपारी मी बागेच्या पार टोकाला बांधावर बसून डबा खायचे. तिथे एक झाड होतं, ओळीबाहेरचं. बाकीची बाग अशी की कुठल्याही बाजूने बघा, झाडं सरळ रांगेत. हे एकटंच रांग सोडून बांधाच्या कडेला लावलेलं. मी काकांना विचारलंही होतं. “लागलं तिथं,” म्हणाले, आणि दुसरं काहीतरी बोलायला लागले.

पहिल्यांदा ऐकू आलं ते भर दुपारी, हिवाळ्यातलं छान ऊन होतं. मी फिरकीच्या तांब्यातून पाणी प्यायले आणि झाकण लावत होते. मागून आवाज आला —

“पानी दे ना वं.”

लहान मुलीचा आवाज. जवळून, अगदी हाताच्या अंतरावरून. मी वळले. कुणी नाही. पलीकडे वाळलेलं गवत, मग नाला. मला वाटलं कुणा मजुरणीची पोर लपली असेल, गंमत करत असेल. मी हाका मारल्या, झाडामागे बघितलं, आणि शेवटी तांब्याच्या झाकणात पाणी ओतून ते झाडाखाली ठेवून दिलं. संध्याकाळी झाकण आणायला गेले तर रिकामं होतं. पाखरं प्यायली असतील, खार असेल. मी विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “पानी दे ना. थोडंसंच दे.”

त्यानंतर रोज. भीती वाटली का, असं सूनबाई विचारते. नाही वाटली. त्या आवाजात भिण्यासारखं काही नव्हतंच. घरातलं मूल स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मागतं ना, तसा आवाज. रडका नाही, हट्टाचाही नाही. फक्त वाईट वाटायचं, इतकं की डबा खाववत नसे. मी रोज झाकणभर पाणी ठेवायचे. बागेत कामाला येणाऱ्या बायकांना विचारलं, तुमच्यापैकी कुणाची मुलगी येते का. त्या म्हणाल्या की पोरं गावात शाळेत नाहीतर आजीपाशी, इथे कोण आणतो. एक जण माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि कामाला लागली.

जानेवारी उजाडला. सगळी बाग मलूल झाली होती. आणि ते ओळीबाहेरचं झाड... हिरवंगार, पान ताठ, जसं काही त्याला ताण दिलाच नव्हता. मला ते रोज जाऊनही उशिरा दिसलं. काकांना एका नजरेत दिसलं. त्यांनी खाली बसून खुरप्याने आळं उकरलं, म्हणजे बुंध्याभोवतीची पाणी धरायची खोलगट जागा. वरून ओल, आतही ओल. एवढी ओल झाकणभर पाण्याने होत नाही, घागरीच्या घागरी ओतल्या तरच होते. विहिरीचा दोर घरात, हँडल घरात. नाला तर दिवाळीतच आटलेला.

“तू पानी देलं?” काकांनी विचारलं.

मी झाकणाचं सांगितलं. ते त्यांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा असा झाला की मला तो अजून दिसतो. म्हणाले की चूक झाली तर सांगून टाकायची, खोटं बोलणारं माणूस त्यांना घरात नको, उद्या सकाळच्या बसने हॉस्टेलवर जा, सरांना ते काय ते कळवतील. स्कॉलरशिप गेली, वडिलांना काय तोंड दाखवणार, हेच डोक्यात. आणि त्या घाबऱ्या अवस्थेत मी त्यांना घराच्या ओसरीवर उभी राहून सगळं सांगून टाकलं. आवाज, रोजचं मागणं, ‘थोडंसंच दे’.

काका एकदम खाली बसले. ओसरीच्या पायरीवर, हात गुडघ्यांवर टाकून. हळूच म्हणाले, हे तिच्यापाशी बोलू नको. पण काकू दारातच उभ्या होत्या. जेवायला बोलवायला आल्या होत्या.

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. चुलीपाशी बसवलं. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. एकेक गोष्ट विचारत गेल्या — कुठे बसली होतीस, आवाज कुठून आला, केवढ्या पोरीचा वाटला. मग म्हणाल्या, “रागात होती का?”

मी म्हणाले, नाही काकू. अजिबात रागात नव्हती.

मग त्यांनी सांगितलं. चुलीकडे बघत, एका सुरात.

“कुंदा नाव होतं. तीन वर्साची. उन्हाळ्यात हागवण लागली. सासूबाई म्हनल्या पानी तोड, पोटात थेंब जाऊ देऊ नोको, पानी पाजलं का पोर जाते. सारेच तसं म्हनत. मी माठावर झाकण ठेवलं अन् त्याच्यावर वरवंटा ठेवला, तिच्यानं उचलू नाही म्हून. ते पोर माठापाशी जाऊन बसे. म्हने, थोडंसंच दे. मी म्हनलं, उद्या देईन. उद्या बरी होशीन, मंग देईन.”

एवढं बोलून त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

मी कॉलेजात शिकलेली मुलगी, मला ठाऊक होतं. जुलाबात मूल मरतं ते पाण्यावाचून. तेव्हा घरोघरी पाणी तोडत, प्रेमापोटीच तोडत, आणि घरोघरी मुलं जात. हे काकूंनाही नंतर कुणीतरी सांगितलं होतं, कुणी तरी नर्सबाई गावात आली होती तेव्हा. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं असं मला त्या क्षणी वाटलं. तान्ह्या-लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. काकांनी तिला बागेच्या टोकाला बांधाजवळ ठेवलं, आणि तिच्यावरून नांगर जाऊ नये म्हणून तिथे एक कलम लावलं. एवढंच त्या झाडाचं होतं. आणि दर डिसेंबरात बागेचं पाणी तोडलं जाई, त्यात त्याही झाडाचं.

मला जायला सांगितलेलं कुणाला आठवलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी दोर-बादली काढली, विहिरीवरून पाण्याची घागर भरली आणि बागेत पाऊल टाकलं. काका इंजिनापाशी उभे होते. त्यांनी बघितलं, घागर उचलायला पुढे झाले तर काकूंनी मानेनेच नको म्हटलं. मी मागोमाग गेले. आम्ही दोघी त्या झाडाखाली बसलो. घागर मध्ये. काकूंनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता आणि कान देऊन बसल्या होत्या... इतक्या कान देऊन की श्वास ऐकू येत नव्हता. चिमण्यांचा धूर सरळ वर चालला होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको येऊस, किंवा ये, काय ते एकदाचं होऊ दे.

आणि आला. नेहमीसारखाच, जवळून.

“पानी दे ना.”

मी काकूंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. त्या अजून वाटच बघत होत्या. माझ्या अंगावर काटा आला तो त्या आवाजाने नाही, त्यांच्या चेहऱ्याने. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आली का?”

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हणाले असते तर त्या उठून घरी गेल्या असत्या. मी मान हलवली.

“आता? आता बोलली?”

“हो काकू.”

“काय म्हनते?”

मी सांगितलं. त्यांनी घागरीच्या काठावर हात ठेवला, उचलायला म्हणून. आणि तशाच थांबल्या.

“मी हितं बसून हाय. मंग मले काहून नाही मागत?” त्यांनी विचारलं. मला नाही, झाडालाही नाही. मग आपणच आपल्याला उत्तर दिल्यासारखं म्हणाल्या, “मी देत नाही, हे तिले ठाऊक हाय.”

आणि घागर माझ्याकडे सरकवली. “तू दे वं. माझ्या हातचं नाही घेनार ते.”

मी पाणी ओतलं. अर्धं माझ्याच पायावर सांडलं. काकू बघत होत्या, जमीन ते पाणी शोषून घेते आहे ते, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. मी आयुष्यात पुढे पुष्कळ दुःखं बघितली, माझीही आणि लोकांचीही. पण पाण्याकडे तसं बघणारं माणूस पुन्हा बघितलं नाही.

त्यानंतर रोज तेच. पाणी काकू विहिरीतून काढायच्या, डोक्यावर वाहून आणायच्या, आणि ओतायचे मी. मला आवाज यायचा, त्यांना नाही. मी म्हणायचे, काकू, एकदा तुम्ही ओता, ओतून तर बघा. त्या म्हणायच्या, नाही, प्यायची राहून जाईल. काही दिवसांनी बागेला पाणी सोडलं आणि बहार असा फुटला की वासाने डोकं जड व्हायचं. काकांचं वर्ष निभावलं. ते एक झाड फुललं नाही, फुलणार नव्हतंच. आणि बहार फुटला त्या सुमाराला मला आवाज यायचा थांबला. मी काकूंना तसं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं की निघून गेली का. मार्चात माझी परत जायची तारीख आली. काकांनी ‘काम समाधानकारक’पेक्षा बरंच काही लिहून दिलं होतं. निघताना काकू फाट्यापर्यंत आल्या, बस दिसली तेव्हा म्हणाल्या, “आता तिले कोन देईल?” मी म्हणाले, तुम्ही द्याल. बस आली, गर्दी होती, पुढचं बोलणं राहिलंच.

परत गेले, शिक्षण पूर्ण केलं, पुण्याच्या मुलाशी लग्न करून पुन्हा इकडे आले. मध्ये बरीच वर्षं गेली. नागपूरला जाणं झालं तेव्हा काकू नव्हत्या. काका होते, वाकलेले, बगीचा दुसऱ्याला कसायला दिलेला. मला बघून म्हणाले, “अनुमती हाय गा,” आणि आम्ही दोघं हसलो, आणि मग दोघांनाही हसणं पुढे नेता येईना.

त्यांनी सांगितलं ते असं. मी गेल्यावर काकू रोज दुपारी घागर घेऊन त्या झाडापाशी जात. ओतत नसत. घागर भरलेली ठेवून बसायच्या, ऊन कलल्यावर ती तशीच परत आणायच्या. लोक हसले, नावं ठेवून ठेवून थांबले, त्या जातच राहिल्या. उन्हाळ्यात, पावसाळ्यात. काकांनी कधी अडवलं नाही. आणि मग एका दुपारी त्या लवकर परत आल्या. घागर रिकामी होती. घासून पालथी घातली, हातपाय धुतले, आणि काकांना विचारलं की संध्याकाळी कायची भाजी करू. त्यानंतर त्या बागेत पुन्हा गेल्या नाहीत. त्यानंतर काही वर्षं जगल्या, नीट जेवायच्या, शेजारी जाऊन बसायच्या. पण त्या दुपारी काय झालं ते शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

मी काकांना विचारलं, तुम्ही विचारलं का नाही?

ते म्हणाले, “कसं विचारू? तिले ऐकू आलं असन तर ठीक हाय. अन् वाट पाहून पाहून तिनं आपल्या हातानं तशीच ओतून टाकली असन तर?”

तुमच्यापैकी कुणी मला आवाजाचं कारण सांगेल, भास म्हणेल, कोवळ्या वयातलं एकटेपण म्हणेल. म्हणा. ओल कुठून आली तेही कुणी शोधून काढेल. मला त्याचं काही नाही. मला ती घागर कशी रिकामी झाली तेवढं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आणि ते सांगणारं आता कुणीच उरलेलं नाही.